बूड आधी, तोंड मग

मापाक्का हे काही तिचं आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. ते नाव आता कागदपत्रांपुरतं उरलं होतं. अकरा हजार माणसं तिला मापाक्का म्हणायची आणि त्यातल्या पाचपन्नासांनीच तिला डोळ्यांनी बघितलं असेल. घरात नवरा तिला "अगं ए" म्हणायचा, आणि जाऊ आली की दारातूनच विचारायची, "आहे का घरात राक्षसांची आई?"

राक्षस तिच्या फळीवर राहायचे. बोटभर, फार तर वीतभर उंचीचे मातीचे पुतळे. पाठीवर घर घेऊन निघालेली गोगलगाय आणि त्या घराच्या खिडकीतून बाहेर थुंकणारी सासू. पंख फुटलेली म्हातारी, तेही कोंबडीचे, त्यामुळे उडायचं नाव नाही. तीन डोळ्यांचा न्हावी. जगात नसलेल्या असल्या जनावरामाणसांचे पुतळे हातानं घडवणारे कारागीर जगात आहेत, आणि जीव टाकून ते जमवणारे खुळेही आहेत. अशा खुळ्यांचा फोनवर एक गट होता, 'चिमटीतली दुनिया'. मापाक्कानं पाच जणांना घेऊन तो काढला आणि दहा वर्षांत त्याचं गाव झालं. गावात असतं ते सगळं तिथंही होतं: भांडणं, चुगल्या, सोयरिकी, एकमेकांच्या फळीकडं बघून जळणारी माणसं. आणि गावाला असतो तसा एक कायदाही होता.

बूड आधी, तोंड मग.

म्हणजे असं, की नवा पुतळा घेतला तर त्याचं तोंड गटावर दाखवायचं नाही. आधी त्याला उलटा करून बुडाचा फोटो टाकायचा. बुडावर कारागिराची खूण असते. कुणाची चांदणी, कुणाचं पान. शेजारी मोजपट्टी ठेवून बुडाची रुंदीही दाखवायची. मापाक्का बघणार, आणि ती 'खरा' म्हणाली तरच तोंडाचा फोटो. मग अकरा हजार जण वाहवा करायला मोकळे.

हा उफराटा कायदा का, तर नकलांमुळं. कुणीतरी एक खरा पुतळा विकत घ्यायचा, त्याच्यावर साचा दाबायचा आणि त्या साच्यातून शंभर काढून खऱ्याच्या नावावर खपवायचे. नकलेत नाक तेच, मिशी तीच, बुडावरची खूणसुद्धा तीच. पण चोराला एक गोष्ट चोरता येत नाही. माती वाळताना आणि भट्टीत भाजताना आकसते. भाजलेल्या पुतळ्यावरून घेतलेला साचा मुळातच लहान, आणि त्यातून निघालेला पुतळा आणखी आकसतो. खरा अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा असेल तर नक्कल भरते पंचेचाळीस. तीन मिलिमीटरांत चोर सापडतो.

हे गणित गटाला मापाक्कानं शिकवलं. ती वीस वर्षं पंपाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत होती. टेबलावर डावीकडं न तपासलेले भाग, उजवीकडं तपासलेले, मध्ये ती आणि तिचं व्हर्नियर, दोन जबड्यांत वस्तू धरून केसाएवढा फरक सांगणारी ती पोलादी पट्टी. माप चुकलं की लाल रंगाचा ठिपका, आणि भाग भंगारात. एकदा फोरमन हात जोडून म्हणाला होता, "बाई, एवढी पेटी जाऊ द्या, वरून ओरडा बसेल." तिनं त्याच्या देखत पेटीतल्या एकूण एक भागावर ठिपका दिला. कारखाना बंद झाला तेव्हा सोबतच्या बायकांनी तेच व्हर्नियर तिला भेट दिलं. माणसं निवृत्तीनंतर तीर्थाला जातात म्हणे, हिनं घरात बसून अकरा हजार माणसांचे पुतळे उलटे करायला घेतले.

लाल ठिपकाही तिनं कारखान्यातून गटात आणला. नकली माल देणाऱ्या कारागिराच्या नावापुढं लाल ठिपका लागायचा. ठिपका लागलेल्याकडून कुणी काही घेत नसे. दहा वर्षांत तिनं एकतीस जणांना तो लावला होता, आणि त्यातला एकही कधी पुसला नव्हता.

एकतिसावा बेडूकवाला.

बेडूकवाल्याचे बेडूक हे गटाचं वेड होतं. चिलखत घातलेला, कमरेला तलवार लावलेला बेडूक, पण चेहरा असा की सकाळी बायकोशी भांडून लढाईला निघालाय आणि तिचं म्हणणं बरोबर होतं हे त्याला आत्ता, वाटेत, कळतंय. धड साच्यातून निघायचं म्हणून बूड सगळ्यांचं सारखं, अठ्ठेचाळीस मिलिमीटर. चिलखत आणि चेहरा मात्र प्रत्येकाचा हातानं केलेला. महिन्याला दोन बेडूक काढायचा हा माणूस. बोलायचा त्याहून कमी.

दीड वर्षापूर्वी त्याचे तीन नवे बेडूक गटावर उलटे झाले. तिन्हींचं बूड पंचेचाळीस.

मापाक्काला वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. तिनं त्याला लिहिलं, "हे बेडूक तुमचेच का?" उत्तर आलं, "माझेच." तिनं लिहिलं, "मग तीन मिलिमीटर गेले कुठं?" त्यावर दोन दिवसांनी आलं, "हात माझाच आहे." बस्स. एवढ्यावर तपासणीच्या खोलीत कुणी सुटलं नव्हतं. त्यातला एक बेडूक घेणाऱ्यानं तिच्याकडं टपालानं पाठवला. तिनं व्हर्नियर लावलं. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. आपल्याच जुन्या बेडकांच्या नकला काढून हा हातचे म्हणून विकतोय, असा निवाडा झाला आणि लाल ठिपका लागला.

मग गटानं आपलं काम केलं. कुणी चोर म्हणालं, कुणी आळशी. एकानं त्याचा बेडूक फरशीवर आपटून फोडला आणि त्याचा व्हिडिओ टाकला. सातशे जणांनी त्याला शाबासकी दिली. त्या सातशेंत एक शाबासकी मापाक्काची होती. बेडूकवाल्यानं काही लिहिलं नाही. आठवड्यानं त्यानं खातं बंद केलं. टपालानं आलेला बेडूक घेणाऱ्यानं परत मागितलाच नाही, म्हणून मापाक्कानं तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून डबा कपाटावर ठेवला.

यंदा गटाला दहा वर्षं पुरी होत होती. शंभरेक माणसं एका सभागृहात भेटणार होती, फळीवरचे लाडके घेऊन. मापाक्काला वाटलं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यावं. मातीच्या चकत्या कराव्यात, वर एक पंख कोरावा, झालं. घडवणं हे तिचं काम नव्हे, पण चकती काय, लहान पोरंही करतात.

घराच्या मागं बाकडं टाकून ती बसली. शहराच्या टोकाला कौलं आणि कुंड्या भाजणारी एक भट्टी होती, तिथली लाल माती तिनं आणली. लोणच्याच्या बरणीचं झाकण दाबून चकत्या कापल्या. साठेक झाल्यावर माती संपली. भट्टीवर परत कोण जातंय, म्हणून दुकानातून पांढऱ्या मातीचं पुडकं आणलं आणि उरलेल्या चाळीस त्यातून कापल्या. झाकण तेच.

नवरा क्रेन चालवून निवृत्त झालेला. माणूस उंचावरून बघायची सवय लागलेला. तो मागच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "कणीक एवढी मऊ कधी मळली नाहीस."

"तुमचं तोंड बघत मळायची ना, म्हणून घट्ट व्हायची."

"मग आता कुणाचं बघतेयस?"

"राक्षसांचं. ते निदान मधे बोलत नाहीत."

चकत्या वाळवून तिनं भट्टीवर दिल्या. भट्टी चालवणारी बाई धिप्पाड, हातावर जुन्या भाजल्याचे पांढरे चट्टे, आवाज भट्टीपेक्षा मोठा. आठ दिवसांनी मापाक्का चकत्या आणायला गेली. भट्टीवालीनं दोन टोपल्या पुढं सरकवल्या, एक लाल, एक पांढरी. मापाक्कानं मोजायला म्हणून चकत्या एकावर एक रचल्या, दोन लाल, एक पांढरी, दोन लाल, एक पांढरी. आणि तिचा हात थांबला. रास सरळ उभी राहीना. प्रत्येक पांढरी चकती आत गेलेली, म्हातारीच्या दातांसारखी.

तिनं पिशवीतून व्हर्नियर काढलं. ते तिच्या पिशवीत असायचंच, दुसऱ्या बायकांच्या पिशवीत चष्मा असतो तसं. लाल चकती साठ. पांढरी छप्पन. दुसरी पांढरी छप्पन. तिसरी, छप्पन.

"या माझ्या नव्हेत," ती म्हणाली. "बदलल्या तुम्ही."

भट्टीवाली हसली. "तुमच्या चकत्या चोरून मी काय करू बाई, खाऊ?"

"झाकण एकच होतं. मी स्वतः कापल्यात."

"झाकण एकच, पण माती दोन ना? पांढरी जास्त आकसते. लाल शंभराला सहा, पांढरी शंभराला बारा. आमच्या भट्टीवर गाढव होतं, त्यालाही ठाऊक होतं हे." मग मापाक्काचा चेहरा बघून तिनं आवाज उतरवला. "काय झालं? एवढ्या तेवढ्यानं काय बिघडतंय? पंख छान कोरलायत की."

मापाक्का तिथल्याच एका उपड्या कुंडीवर बसली. वीस वर्षं तिनं लोखंड मोजलं होतं. तपासणीच्या खोलीत आलेलं लोखंड दिलेला शब्द पाळतं; आज अठ्ठेचाळीस तर उद्याही अठ्ठेचाळीस. माती आकसते हे तिनंच अकरा हजारांना शिकवलं होतं. पण ती किती आकसते, हे तिनं कुठंतरी एकदा वाचलं आणि आकडा खिळ्यानं ठोकल्यासारखा डोक्यात बसवला. कुणाची माती, कुठली माती, हे विचारायचं तिला दहा वर्षांत सुचलं नव्हतं. कारखान्यात कुणी विचारत नसे, लोखंड कुठलं.

घरी येऊन तिनं स्टूल घेतलं आणि कपाटावरचा डबा काढला. बेडूक तसाच होता, बायकोचं म्हणणं पटत चाललेला. तिनं कानशीनं बुडाची कड इवलीशी खरवडली. वरून तपकिरी रंग, आत माती पांढरी. जुन्या बेडकांची लाल असायची. तिच्या फळीवर एक जुना होता. त्याचीही कड तिनं खरवडली, आणि खरवडण्याआधीच तिला माहीत होतं.

साचा तोच होता. माणूस तोच. माती बदलली होती, एवढंच.

संध्याकाळी तिनं मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले; पहिल्या पाचांतले, आणि तिच्यासोबत गट सांभाळणारे. सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आक्का, हे आणखी कुणाला बोललीस?"

"नवऱ्याला. आणि ती भट्टीवाली."

"मग इथंच थांब. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मास्तर, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण."

"एका संन्याशाला. आणि खरे चोर किती पकडलेस? त्यांतला एकेक आता उठेल आणि म्हणेल, माझीही माती बदलली होती. काय सांगशील त्याला? तुझ्याकडं त्यांची माती आहे तपासायला?"

तिच्याकडं नव्हती. तीस ठिपक्यांपैकी चार-पाच तरी असे होते, ज्यांचे पुतळे तिनं हातातही घेतले नव्हते. नुसता फोटो आणि शेजारची मोजपट्टी.

"भिंतीतला एक दगड काढलास ना," मास्तर म्हणाले, "तर भिंत तुझ्याच अंगावर येते. दहा वर्षं लोक तुझ्या शब्दावर विसंबून राहिलेत. तो शब्द गेला तर गटात उरतं काय? नुसता बाजार. आणि तो बेडूकवाला... त्याला एक ओळ लिहिता आली नाही की माती बदलली म्हणून? तोंड शिवलं होतं का?"

हा प्रश्न मात्र तिच्याही डोक्यात होता. दुसऱ्या दिवशी बेडकाला रुमालात गुंडाळून ती निघाली. फळीवरचा जुना बेडूक ज्या पाकिटातून आला होता, त्यावर पत्ता होता. दोन बस बदलून, एका लांब भिंतीच्या कडेनं चालत ती पोहोचली, तर दार बेडूकवाल्याच्या बहिणीनं उघडलं. तिनं कोण, कुठल्या असं विचारलं. मापाक्कानं सांगितल्यावर तिनं हिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही होय त्या," बहीण म्हणाली. "मला वाटलं होतं, उंच असाल."

दादा कामावर आहे म्हणून तिनं बोटानं वाट दाखवली. आत या म्हणाली नाही.

कपड्यांच्या दुकानात उभे करतात त्या पुतळ्यांचा कारखाना होता तो. पत्र्याच्या लांब शेडमध्ये माणसाएवढी धडं टांगलेली, आणि एका टेबलावर डोकी. नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत, अंड्यासारखी गुळगुळीत डोकी. टेबलापाशी पन्नाशीचा एक किरकोळ माणूस खरकागदानं डोकं घासत होता. भुवयांवर पांढरी धूळ. मापाक्कानं त्याला कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं. बेडकाचा चेहरा थोडाफार त्याचाच होता.

तिनं आपण कोण ते सांगितलं. तो घासायचा थांबला नाही.

"माती बदलली होती तुमची," ती म्हणाली.

"हं."

"का बदलली?"

"खाण बुजवली. वर गोदाम बांधलं." त्यानं डोकं फिरवून दुसरी बाजू घेतली. "पांढरी माती हाताला थंड लागायची. तीन महिने गेले हात बसायला. चेहरे उलट जास्त चांगले यायला लागले होते."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलं? मी विचारलं होतं तुम्हाला."

आता तो थांबला. खरकागद टेबलावर ठेवून त्यानं हात झटकले.

"तुम्ही विचारलंत, हे बेडूक तुमचेच का. मी म्हणालो, माझेच. बाई, माणसाला स्वतःच्या पोराबद्दल कुणी विचारलं, हे तुमचंच का, तर तो काय पुरावे काढत बसतो?"

"मी मिलिमीटरचंही विचारलं होतं."

"तुम्हाला मिलिमीटर दिसले. मी आठवडाभर एका मिशीवर बसलो होतो. तो फोडला, फरशीवर, मिशीवालाच होता तो. बहिणीनं व्हिडिओ दाखवला." मग तो म्हणाला, "खाली नावं होती, शाबास म्हणणाऱ्यांची. ती वाचली मी."

माफी मागायची म्हणून ती वाटभर शब्द जुळवत आली होती. ते शब्द आता तिला पंपाच्या खराब भागांसारखे दिसायला लागले. एकही मापात बसेना. तिनं रुमाल सोडून बेडूक टेबलावर ठेवला. त्यानं तो उचलला. उलटा केला नाही. आधी चेहरा बघितला, नखानं चिलखताच्या फटीतली धूळ काढली.

"मी गटावर सगळं लिहिते," ती म्हणाली. "ठिपका काढते. तुम्ही परत या."

"लिहा की. तुमचं तुम्ही लिहा, मी कोण नाही म्हणणारा. मी येत नाही."

"पण साचा असेल ना अजून..."

"फोडला. आणि हे काम वाईट नाही हो," त्यानं अंड्यासारख्या डोक्यावर हात फिरवला. "यांना कुणी उलटं करून बघत नाही."

बेडूक त्यानं परत दिला नाही आणि तिनं मागितलाही नाही. भोंगा वाजला, माणसं डबे घेऊन उठली, तोही उठला. जाताना एवढंच म्हणाला, "घरी बहीण काही बोलली असेल तर मनावर घेऊ नका. तिचं तोंड फटकळ आहे."

घरी आल्याआल्या चपला काढायच्या आत तिनं फोन उघडला. लाल ठिपक्यांची यादी काढली, एकतिसावं नाव दाबलं. ठिपका जाईना. पुन्हा दाबलं. वर अक्षरं आली: हे खातं बंद झालेलं आहे, यात बदल करता येणार नाही. मास्तरांना फोन लावला. त्यांनीही त्यांच्याकडून करून बघितलं. बंद खात्याला हात लावता येत नव्हता. तो परत आला तरच ठिपका निघणार होता, आणि तो येणार नव्हता.

"तू तुझ्याकडून प्रयत्न केलास," मास्तर सुटल्यासारखे म्हणाले. "आता सोड."

तिनं फोन ठेवला आणि दोन दिवस तो उघडला नाही. जेवायला वाढलं, स्वतः जेवली, फळीवरची धूळ पुसली. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी ताट सरकवत विचारलं, "क्रेनवरनं माल चुकीच्या जागी उतरवला तर काय करायचं, माहितीय?"

"काय?"

"खाली उतरायचं. वरून कितीही ओरडलं तरी माल हलत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं लाल एक आणि पांढरी एक चकती घेतली, माती ओळखू येऊ नये म्हणून बुडाकडून तपकिरी रंग दिला आणि वाळल्यावर दोन्ही टेबलावर उलट्या ठेवल्या. व्हर्नियर लावून दोन फोटो काढले. साठ. छप्पन. कायद्याप्रमाणं ते गटावर टाकले आणि खाली एवढंच लिहिलं: एकाच कारागिराचा माल म्हणून आलाय. सांगा.

गट तुटून पडला. पहिलं उत्तर मिनिटाच्या आत आलं. "छप्पनवाली नक्कल." मग रीघ लागली. "साठाचे छप्पन, गणित चोख बसतं." "आक्कांनी शिकवलंय, आता डोळे मिटूनही कळतं." "ठिपका लावा, वाट कसली बघताय?" एकानं लिहिलं, "फोडून टाका, व्हिडिओ मी काढतो." दुपारपर्यंत चारशे उत्तरं झाली, आणि चारशेंत एकानंही विचारलं नाही, माती कुठली. मापाक्का एकेक वाचत होती. प्रत्येक ओळीत तिला आपलाच आवाज ऐकू येत होता, पोपटानं म्हटल्यासारखा.

मग तिनं तोंडाचा फोटो टाकला. दोन्ही चकत्या सुलट, दोन्हींवर तोच वाकडा पंख, मध्ये बरणीचं झाकण. आणि लिहिलं:

"दोन्ही मी केल्यात. एकाच झाकणानं, एकाच दिवशी. लहान आहे तिची माती वेगळी आहे. तुम्ही चुकला नाहीत, मी शिकवलं तसं बोललात. बेडूकवाल्याचे पंचेचाळीसचे बेडूक त्याच्याच हातचे होते. मी कड खरवडून बघितलीय, त्याला भेटून आलेय. तो चोर नव्हता. त्याच्या नावापुढचा ठिपका मला काढता येत नाही, खातं बंद आहे. बाकीच्या तिसांत असे किती असतील ते मला ठाऊक नाही. त्याचा बेडूक फोडला तेव्हा शाबास म्हणणाऱ्यांत मी होते."

पाठवून झाल्यावर तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि तिथं लाल ठिपका लावला.

मास्तरांचा फोन आला. "आक्का, हात दाखवून अवलक्षण केलंस." त्यांनी त्याच दिवशी गट सोडला. दहा वर्षांची सोबत, पण ते चुकीचं बोलले असंही तिला म्हणता येईना, कारण भिंत खरंच अंगावर आली. आठवड्यात सव्वादोन हजार माणसं गेली. ठिपकेवाले आठ जण उठले आणि आमचीही माती बदलली होती म्हणाले. त्यातले निदान सहा तरी पक्के चोर होते, पण सहा कोणते हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना. मिशीवाला बेडूक फोडणाऱ्यानं तिला लिहिलं, "तुमच्या सांगण्यावरून फोडला, आता भरून कोण देणार?" त्याला तिनं उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते त्याला सोसलं नसतं.

सभागृहात शंभराच्या जागी सदतीस माणसं आली. एकमेकांचे पुतळे बघताना ती मापाक्काकडं चोरून बघत होती. तिनं प्रत्येकाला दोन चकत्या दिल्या, एक लाल, एक पांढरी. कुणी हसलं, कुणी न बघताच खिशात टाकल्या. भाषण तिनं केलं नाही. चकत्या तरीही उरल्याच. त्या तिनं घरी आणून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या.

जाऊ आली तेव्हा तिच्या कानावर सगळं गेलेलं होतं. दारातून तिनं नेहमीसारखी हाक मारली नाही. आत येऊन बसली, चहा घेतला, फळीकडं बघितलं आणि म्हणाली, "ती थुंकणारी सासू आहे ना, ती आपल्या सासूबाईंसारखी दिसते, हे मला आज कळलं."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी चेहरा बघितलात का तिचा? दारातून राक्षस म्हणून मोकळ्या व्हायच्या."

दोघी हसल्या. हसता हसता मापाक्काचं हसू मध्येच तुटलं आणि ती कप विसळायला म्हणून आत गेली.

फोन वाजला तो ती परत आल्यावर. गटावर कुणीतरी नवा माणूस, त्याला मागचं पुढचं काही ठाऊक नव्हतं, कायदा वाचून त्यानं एका पुतळ्याच्या बुडाचा फोटो टाकला होता. खूण पानाची. रुंदी एकेचाळीस, असायला हवी चव्वेचाळीस. खाली त्यानं लिहिलं होतं: आक्का, खरा की खोटा?

तिचं बोट सवयीनं लाल ठिपक्यापाशी गेलं. तिथून ते मागं घेऊन तिनं हळूहळू, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आधी तोंड दाखवा त्याचं. आणि कारागिराला विचारा, माती कुठली."

तिकडून लगेच आलं, "पण कायद्यात तर उलटं लिहिलंय."

"हो," तिनं लिहिलं. "तो मीच लिहिलाय."